फॉर्मवर नसलेली उत्तरं

तुर्भे, सेक्टर २१
१ जून २०२५

बाई,

तुम्हाला नमस्कार, आणि मैदानाला फेरी मारून घाम पुसत अर्धगोल करून बसलेल्या बाराजणींनाही. पत्र वाचून होईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही हा नियम अजून असेल, तर मी लवकर आवरते.

माझा भाऊ विश्वजितदादा अजून हसतो. खिशात फोन असताना पोस्टात कसली जातेस, म्हणतो. मी त्याला पुन्हा एकदा समजावलं की गाव सोडून गेलेल्या प्रत्येक खेळाडूनं एक तारखेला पत्र लिहायचं आणि बाई ते सरावाच्या आधी मैदानावर मोठ्यानं वाचणार. फोन एकीलाच ऐकू येतो, पत्र सगळ्यांना. खासगी काही असेल तर वेगळी चिठ्ठी, घडी घालून. त्याला काही पटलं नाही, पण पाकिटं तोच आणून देतो.

बातमी अशी की ऑफिसात माझं काम बदललं. आधी काय करत होते ते नवीन मुलींसाठी सांगते. महाप्याला आमची कंपनी आहे, ती मुलींच्या कबड्डीचा मोबाइल गेम बनवते. अंगाला घट्ट कपडे घालून, त्यावर जागोजाग बटणं चिकटवून मी चढाई करायची. भोवतीचे कॅमेरे ती टिपून घ्यायचे, आणि गेममधली मुलगी तशीच पळायची. ते काम संपलं. गेम एप्रिलमध्ये बाहेर आला आणि कुणी घेईना. मग उत्कर्षा मॅडमनी माझ्या हातात फॉर्मचा गठ्ठा दिला. म्हणाल्या, बाहेर फिर, लोक खेळाचे गेम कशावरून निवडतात ते विचारून ये.

फॉर्मवर पाच चौकोन आहेत. चित्रं चांगली, आवडता संघ, मित्र खेळतात, फुकट मिळतो, इतर. पहिल्या दिवशी बहुतेकांनी 'चित्रं चांगली'वर खूण केली, कारण तो चौकोन पहिला होता. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म पिशवीत घातला आणि नुसत्या गप्पा मारायला लागले.

कांदा-बटाटा मार्केटात हौसेराव म्हणून हमाल आहेत, आपल्याच पाटण तालुक्यातले. जेवणाच्या सुट्टीत पोत्यावर आडवे पडून फुटबॉल खेळतात. मी विचारलं, काका, फुटबॉल कधी खेळलात का? "आयुष्यात न्हाई," म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय? म्हणून तर खेळतोय. क्रिकेट लावलं की चारजण मागं उभी राहून शिकवत्यात. हितं मी आणि बॉल, कुणाचं काय ऐकायचं न्हाई." याला चौकोन कुठला ते मला कळेना, म्हणून 'इतर'वर खूण केली.

माझा सराव चालू आहे. सकाळी इथल्या मैदानावर जाते. चढाईत अजून दम आहे.

तुमची,
राजनंदिनी

सोबतची चिठ्ठी. लिहिली, पण पाकिटात घातली नाही.

बाई, सराव चालू नाही. जानेवारीत रेकॉर्डिंग करताना वळले आणि डावा गुडघा गेला. लिगामेंट. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाल, जिने चढ, बसने फिर, कबड्डी मात्र विसर. मी लंगडत नाही. बघणाऱ्याला काही कळत नाही, त्यामुळे सांगणं आणखी अवघड झालंय. मैदानावर वाचू नका.


वरची वाघजाईवाडी
१४ जून २०२५

राजी,

पत्र मिळालं, वाचलं. हौसेरावाच्या पोत्याला मुली इतक्या हसल्या की सराव वीस मिनिटं उशिरा लागला. त्याची भरपाई म्हणून दोन फेऱ्या जास्त पळवल्या. तू पुढच्या वेळी बेतानं विनोद कर.

तुझा प्रश्न मी इथंही विचारला. कुठला खेळ खेळता फोनवर आणि का? बारापैकी नऊजणी क्रिकेट म्हणाल्या. मला वाटलं आवड असेल. खोदून विचारल्यावर कळलं, फोन भावाचा. भावानं जो गेम घालून ठेवलाय तो. भाऊ आंघोळीला गेला की अर्धा तास मिळतो. याला तुमच्या मॅडम निवड म्हणत असतील तर म्हणू देत.

आता कामाचं. जिल्ह्याच्या स्पर्धा नोव्हेंबरात आहेत, खुला गट. बाराजणींची यादी ३१ ऑगस्टपर्यंत द्यायची, त्यानंतर त्यात टिंबसुद्धा बदलत नाही. मैदानावर बाराजणी आहेत. तू आलीस तर तेरा होतात. कोपऱ्याला माझ्याकडे मुली आहेत, चढाईला धड कुणी नाही, त्यामुळे तुझ्यासाठी एकीला काढायचं तर ती सरस्वती असेल. डावा कोपरा खेळते. एकोणीस वर्षांची आहे, दोन वर्षं राखीव बसलीय, यंदा पहिल्यांदा तिचा नंबर लागतोय.

मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, राजीताई येणार असतील तर मी बसते. मनापासून म्हणाली का, ते मी विचारलं नाही. तेव्हा तू येणार की नाही ते कळव.

शालन साळुंखे


तुर्भे
१ जुलै २०२५

बाई,

या वेळी विनोद बेतानं.

सीवूड्सला स्टेशनजवळ दीपेशचा गेमचा गाळा आहे. आठ स्क्रीन, खुर्च्या, एसी. दीपेश सारसोळ्याचा, घरची होडी काका बघतो. त्याच्याकडे चार दिवस बसले. चौथ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "ताई, तुमी लोकांना काय विचारता? मना विचारा ना. मानूस गेम निवडतच नाय. बाजूचा मानूस निवडतो." एकटा आलेला क्रिकेट लावतो. दोघं आले की फुटबॉल. कारण क्रिकेटमध्ये एकजण बॅटिंग करतो तेव्हा दुसरा नुसता ताटकळतो, फुटबॉलमध्ये दोघांचे हात चालू राहतात. शिवाय तासात पाच मॅच बसतात, म्हणजे हरलेल्याला लगेच वचपा काढता येतो. पहिली मॅच हरल्यावर उठून गेलेलं गिऱ्हाईक त्यानं अजून पाहिलेलं नाही म्हणे.

दुसऱ्या येसूबाई. नेरूळच्या मासळी बाजारात बसतात, वय साठीच्या पुढं. दुपारी बाजार थंडावला की नातवाच्या जुन्या फोनवर तिरंदाजी खेळतात. नेम असा की मी तीन वेळा हरले. मला वाटलं काहीतरी मोठी गोष्ट निघणार, लहानपणी गलोल वगैरे. त्या म्हणाल्या, "एका बोटानं होतं गं. बाकी हाताला म्हावरा लागलेला हाय ना." उजव्या हाताची करंगळी तेवढी त्या फोनसाठी कोरडी ठेवतात. हे मी मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, राजनंदिनी, याचा मी रिपोर्टमध्ये काय तक्ता काढू?

आमचा कबड्डीचा गेम निवडलेला एकही माणूस अजून भेटला नाही. इथं घणसोली, पावणे, कोपरखैरणे, गावागावात कबड्डीचे संघ आहेत. ते लोक गेम बघतात आणि हसतात. एकजण म्हणाला, रोज संध्याकाळी खरी माती खातो, फोनवर कशाला खाऊ?

स्पर्धेचं म्हणाल तर बहुतेक येईन. सुट्टीचं बघावं लागेल.

राजनंदिनी


वरची वाघजाईवाडी
१३ जुलै २०२५

राजी,

येसूबाईंची करंगळी मुलींना फार आवडली. मलाही.

बाकी पत्रात एक शब्द आहे, 'बहुतेक'. तो माझ्या मैदानावर चालत नाही हे तुला आठ वर्षांत कळायला हवं होतं. चढाईत निदान रेषा ओलांडली की नाही, याचं उत्तर पंच 'बहुतेक' असं देत नाही. वाचताना मी तो शब्द गाळला आणि 'येईन' एवढंच वाचलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सरस्वतीनंही वाजवल्या.

सुट्टी मिळत नसेल तर तुझ्या मॅडमना मी पत्र लिहिते. एवढं वर्षभर त्यांच्यासाठी पळतेस, आठ दिवस गावासाठी पळू देत.

आणि एक राहिलं. तू सगळ्यांना विचारत फिरतेस, पण स्वतः कुठला गेम खेळतेस ते लिहिलं नाहीस. मुलींनी विचारलंय.

शालन साळुंखे


तुर्भे
१ ऑगस्ट २०२५

बाई,

मी फुटबॉल खेळते. ऑफिसात सगळे तोच खेळतात म्हणून. आमचा गेम खेळत नाही, दिवसभर तेच काम असतं, कंटाळा येतो.

सीवूड्सच्या एका टॉवरमध्ये मिताली राहते, बँकेत आहे, बाळंतपणाच्या रजेवर. ती टेनिस खेळते. टेनिस कळत नाही, आवडतही नाही. पण टेनिसच्या गेममध्ये कॉमेंट्री करणारे ओरडत नाहीत, आणि बाळ मांडीवर झोपलेलं असतं. क्रिकेटवाल्यांनी एकदा षटकारावर केकाटून त्याला उठवलं, तेव्हापासून क्रिकेट बंद. आता मॅडमनी फॉर्मवर सहावा चौकोन वाढवलाय, 'आवाज'.

हो, येते. यादीत घाला.

राजनंदिनी


वरची वाघजाईवाडी
५ सप्टेंबर २०२५

राजी,

यादी ३० तारखेला मी स्वतः नेऊन दिली. तुझं नाव तिसरं आहे. कर्णधार, उपकर्णधार आणि मग तू. पोच घेतली.

सरस्वतीला मी आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं. बरं म्हणाली. पाणी पिऊन येते म्हणून गेली ती अर्ध्या तासानं आली, चेहरा धुऊन. मग सरावाला उभी राहिली आणि त्या दिवशी तिनं कुणालाही कोपऱ्यातून सुटू दिलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं खांदा काढून घेतला. मला राग आला नाही.

आधार कार्ड मूळचं आण, झेरॉक्स चालत नाही. १० नोव्हेंबरला इथं पोच, म्हणजे चार दिवस संघाबरोबर मिळतील. स्पर्धा १४ पासून आहे. मुलींनी आत्तापासून तुझी अंथरुणाची जागा ठरवलीय, शाळेच्या खोलीत खिडकीजवळ.

शालन साळुंखे


वरची वाघजाईवाडी
१६ ऑक्टोबर २०२५

राजी,

सप्टेंबरची एक तारीख गेली, ऑक्टोबरचीही गेली. चार वर्षांत पहिल्यांदा तुझं पत्र नाही. दोनदा सरावाच्या आधी मुलींनी विचारलं, मी पोस्टाला दोष दिला.

बरी आहेस ना?

शालन साळुंखे


तुर्भे
२२ ऑक्टोबर २०२५

बाई,

हे पत्र मैदानावर वाचा. चिठ्ठी नाही. सगळं सगळ्यांसमोर वाचा, सरस्वती असताना. ती आली नसेल तर थांबा आणि ती आली की वाचा.

मी खेळू शकत नाही. जानेवारीपासूनच. रेकॉर्डिंग चालू होतं, डावीकडून आत शिरून झटकन मागं वळायचं होतं, पाय जमिनीवर राहिला आणि गुडघा फिरला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कबड्डी कायमची बंद केली. सराव करते म्हणून लिहिलं ते खोटं. दम आहे म्हणून लिहिलं तेही. सुट्टीचं कारण खोटं, आणि 'येते, यादीत घाला' हे सगळ्यांत खोटं. ते लिहिताना मला माहीत होतं की कुणाची जागा जाणार आहे. तुम्ही नावासकट कळवलं होतं.

का लिहिलं? टाळ्या वाजल्या असं तुम्ही लिहिलंत म्हणून. इथं मी फॉर्म घेऊन फिरणारी मुलगी आहे. कुणाला माहीत नाही की मी कोण होते. तुमच्या मैदानावर महिन्यातून एकदा माझं नाव मोठ्यानं घेतलं जायचं आणि मी तिथं अजून धडधाकट होते. ते मला सोडवेना. यापेक्षा चांगलं कारण नाही.

आता कसं तोंड उघडलं ते सांगते. मागच्या आठवड्यात ऑफिसातून कळलं की आमच्या गेमचे सगळे सामने, चारशेच्या वर, पूर्ण केलेला एकजण पावण्यालाच आहे. मॅडमनी पत्ता दिला. चांगदेव नाव, पत्र्याची झाकणं कापायच्या कारखान्यात प्रेसवर आहेत. पावणे गावचेच. पंचेचाळीसच्या आसपास वय. उजव्या हाताची तीन बोटं मशीननं नेलेली.

मी विचारलं, दादा, हाच गेम का? ते पूर्वी गावच्या संघात डावा कोपरा खेळायचे. हातात हात गुंफून साखळी करायची, तर बोटं नाहीत. "साखली सुटते," म्हणाले. "पोरा काय बोलत नाय, पन मनाच कलतं. मग बंद केला." गेममध्ये ते चढाई करतच नाहीत. ती आपोआप होऊ देतात आणि फक्त पकड करतात. तिथं साखळी सुटत नाही.

मग त्यांनी मला फोनवर खेळून दाखवलं. समोरून चढाई करणारी आली. म्हणजे मीच, बाई. माझाच खांदा, माझंच पाऊल. मी तो गेम कधी उघडत नाही, फुटबॉल खेळते, त्याचं कारण हे आहे. कंटाळा नाही. ती डावीकडून आत शिरली आणि वळली, तर चांगदेवदादांनी खेळ थांबवला आणि बोट ठेवलं. म्हणाले, "इथं बघा. बाकी पोर झ्याक खेलते. पन ह्या वलनाला तिचा पाय बोलतोय. ह्या पोरीचा गुडघा गेला हाय इथं."

कंपनीनं ती शेवटची चढाई टाकून दिली नव्हती. मी पडायच्या आधीपर्यंतची कापून गेममध्ये वापरली. हे मलाही माहीत नव्हतं. पावणेदोनशे लोकांशी बोलले, एवढे इंजिनियर रोज तो गेम बघतात, कुणाला दिसलं नाही.

मी म्हटलं, दादा, ती मी आहे. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. विचारलं, "घरी म्हाईत हाय?" मी म्हटलं, घरी आहे, संघाला नाही. ते म्हणाले, "मग संघाला सांगा. मी सा महिने लपवला. हात खिशात घालून मॅचला जायचो. सांगितल्यावर दोन दिस वाईट वाटला, मंग जेवन घशाखाली गेला." आणि ते कामावर निघून गेले, त्यांची शिफ्ट होती.

फॉर्म मी भरला नाही. पाच दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय.

सरस्वती, तुझी जागा मी घेतली आणि त्या जागेवर उभी राहायला माझ्याकडे पाय नाही. माफी मागते. बाई, यादी बदलता आली तर उद्याच्या उद्या बदला. माझ्याविषयी जे सांगायचं ते सांगा. डॉक्टरचे कागद सोबत जोडलेत.

राजनंदिनी


वरची वाघजाईवाडी
२१ नोव्हेंबर २०२५

राजनंदिनी,

पत्र २७ ऑक्टोबरला मिळालं. तू लिहिलंस तसंच वाचलं, सरस्वती समोर बसली होती. एक ओळ गाळली नाही. मी शिट्टी वाजवली आणि सराव घेतला.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जिल्ह्याला गेले. तिथले गृहस्थ भले होते, चहा दिला, कागद नीट वाचले आणि नियम दाखवला. नाव काढता येतं, नवीन घालता येत नाही. हे मला आधीच ठाऊक होतं. तरी गेले, कारण सरस्वती विचारेल तेव्हा गेले होते असं सांगता यावं.

अकराजणी घेऊन खेळलो. पहिले दोन सामने जिंकलो, तिसऱ्यात तीन गुणांनी हरलो. आपण हरलो ते तुझ्यामुळे नाही, ते डोक्यात घेऊ नकोस. समोरचा संघ चांगला होता. सरस्वती बाहेर बसली ते मात्र तुझ्यामुळे. तिन्ही दिवस ती आमच्याबरोबर आली, पाण्याच्या बाटल्या भरल्या, मुलींच्या घोट्यांना पट्ट्या बांधल्या. शेवटच्या सामन्यात आमचा डावा कोपरा दोनदा फुटला. दोन्ही वेळा मी तिच्याकडे बघितलं नाही.

मला तुझा राग आला. अजून आहे. गुडघ्याचा नाही, गुडघा कुणाचाही जातो. तू मला चिठ्ठी लिहू शकली असतीस आणि मी ती कुणाला दाखवली नसती, हे तुला माहीत होतं.

आता माझं. 'बहुतेक' वाचलं तेव्हाच मला खटकलं होतं. सातवीपासून तुला ओळखते, तू कधी बहुतेक म्हणालेली नाहीस. विश्वजितचा नंबर माझ्याकडे आहे. एक फोन केला असता तर सगळं कळलं असतं. केला नाही. मला तुला जिल्ह्याला दाखवायचं होतं. पंचवीस वर्षांत या मैदानावरून तुझ्यासारखी दुसरी निघाली नाही, म्हणून 'नाही' हे उत्तर मला नको होतं. तेव्हा सरस्वतीची माफी मी पण मागितली, सगळ्यांसमोर. मला ते सोपं गेलं नाही.

तुझ्या गुडघ्याचे कागद वाचून मी रडले, हे मात्र मैदानावर सांगितलं नाही. घरी येऊन रडले.

एक तारखेची पत्रं चालू ठेव. खरं लिहायचं असेल तर.

शालन साळुंखे

ता.क. सरस्वतीनं तुझा पत्ता मागितला. मी दिला. काय लिहिणार ते सांगितलं नाही.


वरची वाघजाईवाडी
२४ नोव्हेंबर २०२५

राजीताई,

मी सरस्वती. आपण दोनदाच भेटलोय, तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही गावी आला होतात तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि तुम्ही मला चढाईत चार वेळा चकवून गेला होतात.

तुमच्या पत्राची माफी मी ऐकली. सगळ्यांसमोर होती म्हणून मान हलवली. आतून हलवली नाही. दोन वर्षं बाकावर बसायचं आणि तिसऱ्या वर्षी न आलेल्या माणसासाठी बसायचं, हे कसं वाटतं ते तुम्हाला लिहून कळणार नाही. स्पर्धेच्या ठिकाणी यादी बाहेर भिंतीवर लावलेली होती. तिसऱ्या नावापुढं गैरहजर लिहिलं होतं. मी तिन्ही दिवस तिच्यासमोरूनच पाणी आणायला जात होते.

हे पत्र मात्र दुसऱ्या कारणासाठी आहे. तुम्ही सगळ्यांना विचारता, मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. तुमचं पत्र वाचलं त्या रात्री मी भावाच्या फोनवर तुमचा कबड्डीचा गेम घेतला. चित्रं चांगली म्हणून नाही, मैत्रिणी खेळतात म्हणूनही नाही. त्यात तुम्ही सापडता म्हणून. मी रोज डाव्या कोपऱ्यात उभी राहते आणि तुम्हाला धरते. घोट्याला धरते, कमरेला धरते, मागून ओढते. पहिल्या आठवड्यात पन्नासेक वेळा धरलं. भाऊ म्हणाला, दुसरा गेम घे की, यात काय आहे? तुमच्या फॉर्मवर हे उत्तर बसत असेल तर खूण करा.

तुम्ही आत शिरायच्या आधी खांदा टाकता, ते आता मला झोपेतही कळतं. मैदानावर त्याचा उपयोग होतोय, बाईंनी परवा विचारलं, हे कुठं शिकलीस?

पुढच्या वर्षाच्या यादीत माझं नाव जाणार आहे. बाईंनी लिहून भिंतीवर लावलंय, एकच नाव, खाली अकरा ओळी रिकाम्या. तुम्ही मेमध्ये सुट्टी काढून या. तुम्हाला पळायला कुणी सांगणार नाही. काठावर खुर्ची टाकून बसा आणि चढाई करणारीला माझा कोपरा कसा दिसतो ते मला सांगा, तुमच्या बाजूनं. बाईंना मी अजून बोलले नाही. तुम्ही हो म्हणालात तर बोलते, आणि हो म्हणाल ते खरं म्हणा.

माझा राग गेलेला नाही. जाईल असं लिहू शकत नाही, कारण मला माहीत नाही.

फक्त एक सांगते. चांगदेवकाकांनी दाखवली ती जागा मलाही सापडली, डावीकडून आत येऊन वळता ती. तिथं तुम्ही अगदी माझ्या हातात असता. बाकी कुठंही मी तुम्हाला सोडत नाही. तिथं मी हात लावत नाही, जाऊ देते. तो एक गुण रोज जातो.

सरस्वती